नक्षीचा भाऊ नकाशा

जव्हारकडच्या साखरशेतचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. जून लागला की दार उघडून बाहेर बघायचं आणि परत आत यायचं. गेल्या पावसाळ्यात मी मॅटीचं कापड काढलं आणि या मुलखाचा नकाशा फुलीच्या टाक्याने भरायला घेतला. रुखवतात मांडायला तोरणं, रुमाल, राघू-मैना सगळ्यांनीच भरलेले असतात. नकाशा भरलेला मी कुणाकडे पाहिला नव्हता.

माझ्या मॅटीला इंचाला 14 घरं आहेत. कापड 24 इंच लांब आणि तितकंच रुंद, म्हणजे पूर्ण भरलं तर 1 लाख 12 हजार 896 फुल्या. सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा 1:50,000 या मापाचा असतो. तेच माप ठेवलं, की साखरशेत मधोमध धरून चारी बाजूंना सुमारे 15 किलोमीटरचा मुलूख कापडावर येतो. मग एका फुलीखाली किती जमीन येते, याचा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर केला. घराची एक बाजू भरते साधारण 297 फूट. आपल्याकडच्या मोजणीची जुनी साखळी 33 फुटांची, तिचे आणे 16. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. आणि 297 म्हणजे बरोबर नऊ साखळ्या! माझ्या एका फुलीत 81 गुंठे मावतात, नऊ ओळी आणि प्रत्येक ओळीत नऊ घरं. इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी 1830च्या दशकात जी मोजणी बसवली, तिच्यातही मातीची प्रत लावताना शेताच्या आराखड्यावर चौकोनी घरंच पाडत. सुई घेऊन मी वेगळं काही करत नव्हते. उतारावरचं वीस गुंठ्यांचं नाचणीचं वावर म्हणजे पाव फुली, आणि आमच्या भरतकामात पाव फुलीचा टाकाही असतो.

हे गणित जुळल्याचा आनंद होता, पण ज्या गोष्टीमुळे मी लिहायला बसले ती पुढेच आहे. इराणात गालिचा विणताना रंगांचा कागद समोर टांगतात. चौकटींचा कागद, एकेक चौकोन म्हणजे एकेक गाठ. आपल्या क्रॉस स्टिचच्या पुस्तकातलं पानच म्हणा ना! काही ठिकाणी एक जण तो कागद मोठ्याने, सुरात वाचतो आणि मागावर बसलेले हात त्याप्रमाणे गाठी मारतात. त्या कागदाला फारसीत म्हणतात ‘नक्शे’. जमिनीच्या नकाशालाही म्हणतात ‘नक्शे’. शब्द एकच. म्हणजे विणीची घरं मोजायचा कागद आणि डोंगर-नद्यांचा कागद यांना त्या भाषेने कधी वेगळं केलंच नाही. मी मात्र एक समोर ठेवून दुसरा भरत होते आणि दोन्ही नकाशे आहेत हे मला ठाऊक नव्हतं.

मग नक्षीचं काय? अरबी ‘नक्श’ म्हणजे कोरणं, रंगवणं, उमटवणं. त्यावरून नक्काश हा कारागीर, नक्काशी हे त्याचं काम. मराठीत दोन भावंडं आली: नक्षी आणि नकाशा. एक पैठणीच्या काठावर आणि वाड्याच्या खांबावर राहिली, दुसरा तलाठ्याच्या दप्तरात गेला. इतक्या लांब गेले दोघे की कुणी नातं सांगितलं तर खरं वाटू नये.

इथे एक जुना आक्षेप हमखास येतो. मला संस्कृत शिकवलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी ठामपणे सांगितलं, की नक्षी हा शब्द परका असणंच शक्य नाही, त्यात क्ष आहे. नक्षत्राशी त्याचा संबंध, नक्ष् धातू आहेच की. आभाळातली नक्षी ती नक्षत्रं. ऐकायला फार सुंदर आहे हे, आणि एक आठवडाभर मीही त्यावर भाळले होते. पण क्ष हा पुरावा धरता येत नाही. मराठी कानाला क्श ऐकू आला की मराठी हात क्ष लिहितो. रिक्षा बघा. हिंदीवाले रिक्शा लिहितात, शब्द मूळचा जपानी, आणि आपण त्याला असा क्ष चढवला की तो वेदातून आल्यासारखा दिसतो. नक्षीचंही तेच झालं. शिवाय नक्ष् धातूचा अर्थ जवळ जाणं, पोचणं. त्यात ना कोरणं आहे ना रंगवणं. मग कोरीवकाम, भरतकाम आणि चित्र या तिन्हींवर हा शब्द बसला कसा? अरबी मुळात हे तिन्ही अर्थ आयतेच आहेत. नक्षत्रांनी क्षमा करावी.

खरं कोडं आहे ते नकाशातल्या ‘का’चं. फारसीत नक्शे, हिंदीत नक्शा, मग मराठीत मध्येच हा लांब का कुठून आला? याचं एक उत्तर सरळ आहे: जोडाक्षर फुटलं, नक्शा-नकशा-नकाशा असा उच्चार घरंगळत गेला. तमाशा, बताशा, दिलासा असे शब्द तोंडात बसलेलेच होते, त्यांनी याला आपल्या चालीवर ओढून घेतलं. भाषेत असं होतं आणि या उत्तरात वाकडं काही नाही. पण मला पटतं ते दुसरं. नक्काश, नक्काशी या शब्दांत लांब का आधीपासून आहे. मराठी माणसाने कारागिराचं नाव आधी ऐकलं, नकाशी हे काम आधी पाहिलं, आणि दप्तरातून नक्शा आला तेव्हा त्याला त्याच साच्यात बसवलं. वस्तूच्या नावात कारागिराचं नाव मुरलं, असं माझं मत आहे. यावर कुणी म्हणेल की तालुका, जिल्हा, हद्द, मौजे हे सगळे शब्द कचेरीतून आले, नकाशाही तिथूनच आला, त्याला कारागीर कशाला हवा? कचेरीतून आला हे मान्य. पण नक्श म्हणजे आधी चित्र आणि वेलबुट्टी. जमिनीचा आराखडा हा नंतरचा अर्थ. कचेरीने शब्द उचलला तोच मुळी नक्काशाच्या हातातून.

आणि त्या हातात कुंचला असायचा तसा धागाही असायचा. लग्नातला बनारसी शालू घ्या. जकार्डची यंत्रं येण्याआधी बनारसच्या मागावर बुट्टी उतरवायला एक वेगळी रचना लागे. छोट्या चौकटीवर धागे ताणायचे, आकड्याने उचलून आडव्या धाग्यांत बुट्टीचा सगळा हिशेब बांधून ठेवायचा आणि ती गुंफण मागाला जोडायची. वरच्या दोऱ्या ओढल्या की नेमके ताणे उचलले जात. या धाग्यांच्या गुंफणीचं नाव नक्शा, आणि ती करणारा नक्शबंद. कागद नाही, शाई नाही, नुसत्या सुताचा नकाशा! काश्मिरात शालीचा आराखडा काढणारा तो नक्काश. मग तो आराखडा रंग आणि धाग्यांच्या संख्येच्या खुणांत लिहून काढत, ती तालीम. आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातली एक काश्मिरी शाल आहे, तिच्यावर सुईने अख्खं श्रीनगर भरलंय: झेलम, पूल, बागा, घरं. नक्षी आणि नकाशा तिथे पुन्हा एका घरात नांदायला आले आहेत. माझं कापड त्या शालीच्या पासंगालाही पुरायचं नाही, पण जात तीच.

नक्शबंद म्हटलं की सूफींचा नक्शबंदी पंथ आठवतो. त्याचे प्रवर्तक बुखाऱ्याचे बहाउद्दीन नक्शबंद, 1318 ते 1389. या नावाची फोड दोन तऱ्हांनी करतात. एक म्हणजे ईश्वराचं नाव हृदयावर उमटवून घट्ट बांधणारा. दुसरी फोड साधी: घराणं नक्षीदार कापड विणणारं होतं. भक्तांना पहिली प्रिय असणार, आणि ते योग्यच आहे. मला दुसरी अधिक जवळची वाटते, कारण ‘बंद’ म्हणजे बांधणारा, आणि बनारसचा नक्शबंद धागे खरोखरच बांधत होता. आपल्याकडेही संतांची नावं धंद्यावरून आहेत: गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार. बुखाऱ्याने वेगळं का करावं? हा पंथ महाराष्ट्रात पोचला त्याची खूण औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की, बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सूफींच्या दर्ग्याची. आणि हेच शहर हिमरू या नक्षीदार कापडाचं. पंथ आणि माग एकाच गावात शेजारी आले, याला मी योगायोग म्हणायला तयार नाही.

इंग्रजीत तर गोष्ट याहून उघड आहे. मॅप हा शब्द लॅटिन ‘माप्पा’वरून आला आणि माप्पा म्हणजे हात पुसायचं कापड. नॅपकिन आणि एप्रन त्याचेच वंशज. वक्तृत्व शिकवणारा रोमन लेखक क्विंटिलियन तो शब्द कार्थेजचा मानतो. मॅप आणि नकाशा या दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही, तरी दोन्हीकडे जमिनीच्या चित्राला कापडाचा वास आहे.

आता टाक्याचं. फुलीचा टाका युरोपातल्या छापील कागदांवरून आला, असं सरसकट समजलं जातं. बर्लिनमध्ये चौकटींवर रंगवलेले नमुने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला विकायला लागले, हे खरंच आहे. मॅटी आणि पुस्तकं त्या वाटेने आली असतील. टाका मात्र आपल्या शेजारी आधीपासून होता. धारवाडकडच्या कसूती या भरतकामात तो ‘मेंथी’, म्हणजे मेथीच्या दाण्यासारखा. इरकलीच्या पदरावर गोपुरं, रथ, तुळशीवृंदावनं याच कसूतीची. खाली काही न रेखता, धागे मोजून. कसूती या नावाचाही वाद आहेच. कानडी ‘कै’ म्हणजे हात आणि ‘सूती’ म्हणजे सूत, हातसूत, असं बरेच जण सांगतात. काही जण हे नाव आपल्या ‘कशिदा’शीही जोडतात, तो शब्द फारसी, ओढणं-रेखणं या अर्थाचा. मला इथे कानडी फोड पटते. कशिदा म्हणजे रेखलेलं, आणि कसूतीत तर आधी रेखायचंच नाही, नुसतं मोजायचं.

माझ्या कापडावर मोजण्यानेच सगळा घोळ होतो. पिंजाळ नदी वळणं घेते आणि फुलीला वळण येत नाही. नदी पायऱ्या-पायऱ्यांनी उतरते, लांबून पाहिलं की वाहते. दाभोशाच्या धबधब्याला एक पांढरी फुली दिली. त्या उंचीपुढे ती फारच छोटी दिसली म्हणून खाली अजून एक घातली. मापाच्या दृष्टीने ती दुसरी चूक आहे, पण उसवणार नाही. शेजारच्या मावशी बघायला आल्या, त्यांना काठाची तिरकी वीण लग्नात भिंतीवर काढतात त्या चौकासारखी वाटली. त्यांनी बोटाने हिरव्या फुल्या मोजत आपल्या पाड्याची जागा शोधली, आणि ‘आमचा ओहोळ कुठंय?’ म्हणून विचारलं. ओहोळ एका घराच्या आतच वाहतो, दिसायचा नाही. मग निळ्या दोऱ्याचा एक सुटा धागा घेऊन त्या फुलीवर आडवी टीप घातली.

जव्हार आणि मोखाड्याची सीमा अजून बाकी आहे. ती फुलीने घालायची नाही, असं ठरवलं आहे. फुलीच्या उलट बाजूला नुसती धाग्यांची धावपळ असते. कसूतीत ‘गवंती’ नावाची धावदोऱ्याची जात आहे: जाताना एक सोडून एक टाके घ्यायचे, परतताना मोकळी घरं भरायची. ती दोन्ही बाजूंनी सारखीच उमटते. सीमा तशी घालणार आहे. सध्या जुन्या मॅटीच्या तुकड्यावर सराव चालू आहे. वळणावर परतताना एखादं घर अजून चुकतं.