गॅरेजमधली माणसं

पालो आल्टो गावातल्या ३६७, ॲडिसन ॲव्हेन्यू या पत्त्यावरचं गॅरेज बघायला आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांची वारी लागलेली असते. १२ बाय १८ फुटांच्या या जागेत १९३८-३९ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड सुरू झाली. पुढे कॅलिफोर्नियाने तिला ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. पॅकार्ड पतिपत्नी पुढच्या घरात भाड्याने राहत, हेही बहुतेकांना ठाऊक असतं. बिल ह्यूलेट मात्र मागच्या अंगणातल्या एका शेडमध्ये झोपायचा. मला गॅरेजपेक्षा त्या शेडचं कुतूहल जास्त आहे. कॅलिफोर्नियात गॅरेजमध्ये कंपन्या काढणारे मोजके. गॅरेजमध्ये संसार मांडणारे लाखांनी. त्यांच्या दाराशी स्मृतिफलक लागत नाही, लागलीच तर नोटीस लागते.

आपल्याकडे गॅरेज म्हटलं की ग्रीसने माखलेला मेकॅनिक आठवतो. अमेरिकेत ती घराचीच एक खोली, फक्त गाडीसाठी राखलेली. राखलेली म्हणजे कायद्याने. १९२३ साली ओहायोतल्या कोलंबस शहराने अपार्टमेंट इमारतींना पार्किंगची सक्ती केली. अमेरिकेतला हा असा पहिला नियम मानला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर ही सक्ती गावोगाव पसरली. लॉस एंजेलिसमध्ये स्वतंत्र घराला दोन गाड्यांची, तीही छपराखालची, जागा हवी असा दंडक झाला. रस्ते मोकळे राहावेत हा त्यामागचा हेतू, आणि तो काही वाईट म्हणता येणार नाही. पण त्याची किंमत लवकरच दिसली. ओकलंडने १९६१ मध्ये दर फ्लॅटमागे एक पार्किंग सक्तीचं केलं. पुढच्या काही वर्षांत तिथे प्रत्येक फ्लॅटचा बांधकामखर्च सुमारे १८ टक्क्यांनी वाढला आणि एकराला बसणारी घरं ३० टक्क्यांनी घटली. डोनाल्ड शूप या प्राध्यापकांनी २००५ मध्ये फुकट पार्किंगच्या किमतीवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात हे उदाहरण ठळकपणे येतं.

खरी गोम मात्र गॅरेजची खोली करताना होती. भिंतींना उष्णतारोधक थर, आगीत बाहेर पडता येईल एवढी खिडकी, नीट वायरिंग, ड्रेनेज, या सगळ्या अटी पैसे खर्चून पूर्ण करता येतात. पण गॅरेज गेलं की त्यातल्या दोन गाड्यांची जागाही गेली; ती त्याच प्लॉटवर दुसरीकडे दाखवा, असं प्लॅनिंग खातं म्हणे. पुढच्या मोकळ्या अंगणात पार्किंगला मनाई, मागे घर आणि झाडं. जागा आणायची कुठून? त्या गॅरेजमध्ये प्रत्यक्षात गाडी उभी राहते की जुनी खोकी पडली आहेत, हे नियम विचारत नसे. अर्ज नामंजूर होणार हे माहीत असल्याने लोक अर्जच करेनासे झाले.

घरांची गरज काही थांबली नाही. १९८० च्या दशकात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली कुटुंबं लॉस एंजेलिसमध्ये मिळेल तिथे राहू लागली. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने १९८७ मध्ये पाहणी करून अंदाज मांडला: सुमारे ४२ हजार गॅरेजमध्ये दोन लाख माणसं. परवानगी नाही म्हणून तपासणी नाही, तपासणी नाही म्हणून एक्स्टेन्शन कॉर्डवर शेगडी आणि बंद शटरमागे झोपलेली मुलं. अशा गॅरेजना लागलेल्या आगींत मुलं दगावली. भाडेकरूने तक्रार करायची तर आधी त्याचंच बिऱ्हाड उठणार. सुरक्षिततेचे नियम या लोकांपर्यंत पोचलेच नाहीत, कारण वाटेत पार्किंगचा नियम आडवा होता.

तसा जोडघरांना वाट देणारा कायदा कॅलिफोर्नियाने १९८२ मध्येच केला होता. त्यांना ‘ग्रॅनी फ्लॅट’ म्हणतात, म्हणजे आजीची खोली. (सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आईबाबांना कुठे ठेवायचं, हा प्रश्न पडलेल्या इथल्या मराठी घरांना हा शब्द लगेच कळतो.) पण अटी ठरवण्याचा अधिकार शहरांकडे राहिला आणि शहरांनी तो भरपूर वापरला. २०१७ पासून सार्वजनिक वाहतुकीपासून अर्ध्या मैलाच्या आतल्या जोडघरांना नवीन पार्किंगची अट लावता येईना. लॉस एंजेलिसमध्ये आदल्या वर्षी अशा घरांना शंभराच्या आसपास परवाने मिळाले होते. त्या एका वर्षात आकडा दोन हजारांच्या घरात गेला. १ जानेवारी २०२० पासून तर गॅरेज पाडलं किंवा त्याचं घर केलं, तरी गेलेल्या पार्किंगची भरपाई मागण्याचा शहरांचा अधिकारच संपला.

रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही ही शेजाऱ्यांची कुरकुर खोटी नाही. संध्याकाळी तीन चकरा मारणाऱ्याला गृहनिर्माणाचं धोरण सांगून उपयोग नसतो. तरी रस्त्याची अडचण सोडवायला रस्त्यावर शुल्क किंवा परमिट लावता येतं. त्यासाठी कुणाचं छप्पर बेकायदा ठरवायची गरज नव्हती, असं माझं मत.

आधीच गुपचूप राहत असलेल्यांचा प्रश्न त्यानंतरही उरला होता. २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, २०२० पूर्वी विनापरवाना बांधलेल्या जोडघराला आता निव्वळ नियमभंगाच्या कारणाने परवाना नाकारता येत नाही. राहणाऱ्यांच्या आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका असेल तर ते दुरुस्त करून घ्यावं लागतं. म्हणजे इन्स्पेक्टरने आता वायरिंग पाहायचं, खिडकी पाहायची. गाडी कुठे लावता, हे विचारायचं नाही.