अकितु व राजसूय : राजताडनाचे दोन विधि

बाबिलोनच्या अकितु नामक नववर्षोत्सवांत पुरोहित राजाच्या तोंडांत मारी. आपल्याकडील राजसूयांत अध्वर्यु राजाच्या पाठीवर दंडानें ताडन करी. हें साम्य पाहून एकाचा उगम दुसऱ्यांत शोधण्याचा मोह होतो. दोहोंचे हेतु तपासतां तो मोह आवरावा, असें आमचें मत झालें आहे.

अकितु निसान् मासारंभीं, वसंतांत, होई. पांचव्या दिवशीं एसागिल मंदिरांत मुख्य पुरोहित राजचिन्हें काढून घेई, राजास चपराक मारी, कान धरून मर्दुक देवापुढें गुडघे टेकावयास लावी. आपण पाप केलें नाहीं, देवाची उपेक्षा केली नाहीं, मानकरी नागरिकांच्या तोंडांत मारली नाहीं, असें राजा सांगे. राजचिन्हें परत मिळाल्यावर पुन्हां चपराक बसे. अश्रु आले तर देव प्रसन्न, न आले तर शत्रु उठणार, असें मानीत. हें वर्णन सेल्यूकसवंशीय राजांच्या काळांतील मृत्तिकापट्टांत आहे. तें जसेंच्या तसें पूर्वकाळास लावणें युक्त नव्हे.

शतपथब्राह्मणाच्या पांचव्या कांडांत मात्र ताडनाचें फळ निराळें सांगितलें आहे. त्यायोगें राजा दंडवधाच्या पार नेला जातो, म्हणून तो अदंड्य होतो. येथें ताडन राजास जाबांतून सोडवितें. बाबिलोनांत तें त्यास जाब द्यावयास उभें करतें, आणि तेंही प्रतिवर्षीं.

या वार्षिक बंधनाचें मोल नबोनिदसाच्या कारकीर्दींत (इ. स. पू. ५५६–५३९) दिसतें. तो अरबस्तानांतील तेमा येथें जाऊन राहिला. बाबिलोनी इतिवृत्तांत त्याच्या ७ व्या, ९ व्या, १० व्या व ११ व्या वर्षांखालीं तीच नोंद आहे : राजा तेमास, युवराज व सैन्य अक्कद देशांत, देव मंदिराबाहेर निघाले नाहींत, अकितु झाला नाहीं. युवराज राज्य चालवूं शकला, उत्सव चालवूं शकला नाहीं.

१७ व्या वर्षीं अकितु झाला. परंतु त्याच वर्षाच्या शरदांत, इ. स. पू. ५३९ मध्यें, सायरसाचें सैन्य लढाईवांचून नगरांत शिरलें. अकितूंत राजा मर्दुकाचा हात धरी. सायरसाच्या मृत्तिकास्तंभलेखांत मर्दुकच सायरसाचा हात धरतो. लेख जेत्याचा आहे, हें आम्ही विसरत नाहीं. तथापि जेत्यासही हात मर्दुकाचाच लागला, यांतच उत्सवाचें बळ दिसतें.