तांत्रिक लेखनाची साधने आणि बडोद्याची ग्रंथपरंपरा

तांत्रिक विषयावर मराठीत निबंध लिहावयास सांगितले की विद्यार्थी ग्रंथालयात जातो, तालिकेचे दोन-चार कप्पे चाळतो आणि ‘मराठीत या विषयावर काहीच नाही’ असे सांगत परत येतो. अध्यापकही पुष्कळदा ते खरे मानतात व एखादे इंग्रजी क्रमिक पुस्तक त्याच्या हाती देतात. हे उत्तर जितक्या सहजपणे दिले जाते तितके ते खरे नाही, असे आम्हांस वाटते. मराठीतील तांत्रिक वाङ्मय थोडे आहे हे कबूल. परंतु जे आहे ते कोठे निपजले आणि त्याची नोंद कोणी ठेवली, हा इतिहास ठाऊक नसल्यामुळे तेही हाती लागत नाही. त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा भाग आजच्या महाराष्ट्राबाहेर, विशेषतः बडोद्यास, घडला आहे.

आरंभ मात्र मुंबईचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली एतद्देशीय तरुणांना मोजणी व बांधकाम शिकविणारी संस्था तेथे चालत असे आणि तेथील शिक्षण देशी भाषांतून होई. त्यासाठी जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्याने हटनच्या गणितग्रंथाचे मराठी रूपांतर करण्यात आले. मराठी मुद्रणाचे ते अगदी बाल्य होते. तरीही अभियंत्यास लागणारे गणित मराठीत छापले जात होते. पुढे इंग्रजीचा वरचष्मा झाला, १८५७ साली विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षणातून अशा पुस्तकांची गरजच उरली नाही.

ती गरज पुन्हा निर्माण केली सयाजीराव महाराजांनी. १८९० साली बडोद्यास कलाभवन निघाले. त्याचे प्रवर्तक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्राचे अध्यापक होते, आणि कारागिराच्या मुलास त्याच्याच भाषेत शास्त्र शिकविले पाहिजे हा त्यांचा आग्रह होता. रंगकाम, सुतारकाम, चित्रकला, यंत्रकाम हे विषय तेथे शिकविले जात. दादासाहेब फाळके याच संस्थेत शिकले, हे चित्रपटाच्या इतिहासकारांना ठाऊक असते. भाषेच्या अभ्यासकांनी मात्र कलाभवनाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. शास्त्रीय विषयांवर देशी भाषांतून ग्रंथ व्हावेत म्हणून ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ ही माला निघाली, आणि पुढे ‘श्रीसयाजी साहित्यमाला’ गुजराती व मराठी दोन्ही भाषांतून चालली. येथे एक गोष्ट सुचवाविशी वाटते. बडोद्याचा अभ्यास करणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने गुजराती पुस्तके परकी मानू नयेत. दोन्ही भाषांतील परिभाषा पुष्कळशी एकाच संस्कृत भांडारातून घेतलेली आहे आणि लिपीची अडचण आठ दिवसांत दूर होते.

आता मुख्य अडचणीकडे वळू. मुंबई इलाख्यात १८६४ अखेरपर्यंत छापलेल्या देशी पुस्तकांची यादी सर अलेक्झांडर ग्रँट यांनी केली आणि तिला पील यांनी पुरवणी जोडली. १८६७ साली मुद्रण व ग्रंथनोंदणीचा कायदा झाला. तेव्हापासून प्रत्येक इलाख्यात त्रैमासिक याद्या निघू लागल्या. या याद्या म्हणजे संशोधकाची मोठीच ठेव आहे. पुस्तकाचे नाव, कर्ता, विषय, मुद्रक व मुद्रणस्थळ तर तीत असतेच. शिवाय पृष्ठे किती, प्रती किती काढल्या आणि किंमत काय ठेवली हेही असते. एखाद्या कृषिविषयक पुस्तकाच्या किती प्रती निघाल्या हे कळले की ते शाळेसाठी होते की चार हौशी लोकांसाठी, याचा अदमास येतो. परंतु हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर आणि हैदराबाद ही संस्थाने त्याच्या कक्षेबाहेर होती. बडोद्याच्या लेखकाने मुंबईत वा पुण्यात छापविलेले पुस्तक यादीत येई. बडोद्यातच छापलेले येईलच असा नियम नव्हता. म्हणजे जेथे देशी भाषांतील तंत्रशिक्षणास राजाश्रय होता, नेमक्या तेथील ग्रंथांवर सरकारी नोंदीची सक्ती नव्हती. ‘मराठीत काहीच नाही’ या समजुतीचे एक मूळ आम्हांस येथे दिसते.

ही उणीव पुष्कळ अंशी भरून काढली ती शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’ने. तिचा १८०० ते १९३७ या काळाचा भाग १९४३ साली आणि १९३८ ते १९५० चा भाग १९६१ साली प्रसिद्ध झाला. मांडणी विषयवार असल्यामुळे विद्यार्थ्याने पहिले पाऊल येथेच टाकावे. मात्र सूची ग्रंथांची आहे. मासिकांतील लेखांपर्यंत ती नेत नाही, हे त्यास आधीच सांगून ठेवावे.

ग्रंथ आहेत आणि त्यांची सूचीही आहे. तरी ग्रंथालयात ते सापडावे लागतात. या बाबतीतही बडोद्याने पुढाकार घेतला. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून प्रभावित झालेल्या सयाजीरावांनी १९१० साली विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांस बोलावून आणले. ते १९१३ पर्यंत राहिले. एवढ्या अल्प काळात मध्यवर्ती ग्रंथालयाची उभारणी झाली, महाराजांच्या खाजगी संग्रहातील सुमारे वीस हजार ग्रंथ लोकांस खुले झाले, ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग निघाला आणि पेट्यांतून खेडोपाडी पुस्तके फिरू लागली. ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांतून निघत असे. मराठीतून ग्रंथालयशास्त्राचा विचार कोठे सुरू झाला हे पाहणाऱ्याने त्याचे अंक चाळावेत. बॉर्डन हे कटरच्या हाताखाली काम केलेले गृहस्थ. त्यांनी कटर व ड्यूई या दोघांच्या पद्धती एकत्र करून बडोद्यासाठी निराळे वर्गीकरण रचले. पुढे रंगनाथनांची द्विबिंदू पद्धती १९३३ साली आली.

वर्गीकरणाची ही माहिती विद्यार्थ्यास कंटाळवाणी वाटेल, पण तिच्यावाचून त्याचे चालणार नाही. ‘कापडाची रंगाई’ हा विषय घ्या. ड्यूईच्या पद्धतीत रंगाचे रसायन ५४० मध्ये, रंगाईचा धंदा ६६७ मध्ये, वस्त्रोद्योग ६७७ मध्ये आणि विणकामाची कला ७४६ मध्ये पडते. एकाच विषयाची पुस्तके चार कपाटांत पांगतात. ज्याने एकच कपाट पाहिले तो रिकाम्या हाताने परततो, आणि दोष मात्र मराठी भाषेच्या माथी येतो.

त्याहून मोठा अडसर शब्दांचा आहे. आज रूढ असलेला ‘अभियांत्रिकी’ हा शब्द घेऊन जो १९०० च्या सुमाराची पुस्तके शोधील त्यास काही मिळणार नाही. तेव्हा ‘शिल्पशास्त्र’ म्हणत, ‘स्थापत्य’ म्हणत, नाहीतर ‘यंत्रशास्त्र’. आजच्या भौतिकीला ‘पदार्थविज्ञान’ किंवा ‘सृष्टिशास्त्र’ अशी नावे होती. म्हणून ग्रंथसूची उघडण्यापूर्वी कोश उघडावा. मोल्सवर्थची १८५७ ची आवृत्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची बोली देते. दाते-कर्वे यांचा १९४८ चा ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ स्वातंत्र्याच्या सुमारास कोणते शब्द चालत होते ते सांगतो. बडोद्याचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ (१९३१) राज्यकारभाराचा असला तरी इंग्रजी संज्ञांना निरनिराळ्या देशी भाषांतील पर्याय शेजारी शेजारी मांडून दाखवितो. केतकरांच्या ज्ञानकोशातही तांत्रिक विषयांवर नोंदी आहेत. विद्यार्थी तो केवळ इतिहासासाठी पाहतात हे चुकीचे आहे. हैदराबाद संस्थानातील गोष्ट आणखी वेगळी. तेथे १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठेवले. तेथे शिकलेल्या मराठवाड्यातील पिढीने शास्त्र उर्दूतून वाचले. त्या पिढीचे मराठी लेखन तपासताना हे ध्यानात ठेवावे.

ग्रंथांपलीकडेही साधने आहेत, आणि आमचा अनुभव असा की तेथेच कधी कधी अधिक सापडते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे त्यांच्या कारखान्यात लोखंडी नांगर तयार झाला. १९१० मध्ये त्यांना बेळगाव सोडून कुंडल रोडला जावे लागले, आणि तेथूनच १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. कारखान्याचे हे मासिक पुढे वाङ्मयीन म्हणून नावाजले. त्याचे पहिले अंक मात्र यंत्र म्हणजे काय, ते कसे वापरावे, हे शेतकऱ्यास कळेल अशा भाषेत सांगण्याचा प्रयत्न म्हणून वाचले पाहिजेत. तांत्रिक लेखनाचा नमुना विद्यार्थ्यास दाखवावयाचा तर तो आम्ही येथून दाखवू. कारखान्यांच्या मालयाद्या, १९२८ पासूनचे ‘सृष्टिज्ञान’, संस्थानांचे वार्षिक राज्यकारभाराचे अहवाल हीही याच जातीची साधने होत. अहवालांत शिक्षणखात्याच्या प्रकरणी त्या वर्षीच्या ग्रंथप्रकाशनाचा उल्लेख आढळतो.

१९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांस पाठविणे बंधनकारक झाले, त्यामुळे त्यानंतरच्या ग्रंथांची चिंता थोडी कमी आहे. त्यापूर्वीच्यांची आहे. बडोदे संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. कलाभवनाचा वारसा त्याच वर्षी नव्या विद्यापीठाच्या तंत्रविद्याशाखेकडे गेला. १९६० साली शहर गुजरातेत आले. मराठी वाचक घटले, आणि यंत्रावर तयार झालेला लाकडी लगद्याचा कागद हात लावताच तुटू लागला. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव येथील जुन्या मराठी ग्रंथालयांत दाखल नोंदवह्या अजून शिल्लक असतील. पुस्तक गहाळ झाले तरी नोंदवहीत त्याचे नाव, किंमत आणि आल्याची तारीख राहते. दात्यांच्या सूचीत नसलेले एखादे नाव तेथे आढळले तर ते उतरवून परिषदेकडे पाठवावे. वर्षाच्या निबंधाऐवजी एखाद्या विद्यार्थ्याकडून हे काम करून घेतले तरी चालेल. गुण देण्यास आमची हरकत नाही.