एका छपरावर दोन अँटेना : वरळीचा मनोरा, शहापूर-मुरबाड आणि हॅम रेडिओ

१/ २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शनचे प्रक्षेपण सुरू झाले. वरळीचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंचीचा. शहापूर आणि मुरबाड तेथून सरळ रेषेत ६५ ते ७५ किलोमीटरवर. आजच्या धाग्याचा सारा इतिहास या अंतरात दडलेला आहे.

२/ दूरदर्शनच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. पृथ्वी मात्र गोल. ३०० मीटर उंचीवरून निघालेल्या लहरींचे क्षितिज साधारण ७१ किलोमीटरवर येते. म्हणजे हे तालुके ऐन काठावर, आणि वाटेत पारसिकसारखे डोंगर. म्हणूनच कौलांवर उंच पाईप, नैर्ऋत्य-पश्चिमेकडे तोंड केलेली अँटेना, तिला बूस्टर. आणि तरीही पडद्यावर मुंग्या!

३/ त्याच काळात देशात हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालकही होते. १९३३ च्या बिनतारी कायद्यानुसार परवान्याविना संच बाळगणे गुन्हा. १९७८ च्या नियमांनी हौशी सेवेला नवी चौकट दिली. परीक्षा, परवाना, ‘व्हीयू’ने सुरू होणारी संकेतखूण, आणि एक अट : इतर सेवांत व्यत्यय येता कामा नये.

४/ ही अट काठावरच्या गावात सर्वांत कठीण ठरते. वरळीहून पोहोचणारी लहर अतिक्षीण. शेजारच्या छपरावरून निघणारी मात्र काही दशक वॅटची. बूस्टर आपले-परके ओळखत नाही, तो सारेच वाढवतो आणि स्वतःच गुदमरतो.

५/ दुसरे कारण संनादी लहरींचे. हॅमचा एक पट्टा २१ मेगाहर्ट्झचा. त्याची तिप्पट ६३. दूरदर्शनच्या चौथ्या वाहिनीचा पट्टा ६१ ते ६८ मेगाहर्ट्झ. घरी जुळवलेल्या संचात गाळणी नसेल, तर ही तिप्पट लहर थेट चित्रात शिरते.

६/ उपाय काय होते? दोन्ही अँटेनांत शक्य तितके अंतर. दूरदर्शनची आडवी असते, म्हणून बोलण्याची उभी. दूरदर्शनच्या अँटेनासमोर, वरळीच्या दिशेला, दुसरी कधीच नको. प्रक्षेपकाला उच्च लहरी अडवणारी गाळणी, दूरदर्शन संचाला नीच लहरी अडवणारी.

७/ इथे कायद्याहून शेजारधर्म मोठा. संनादी लहरींचा दोष हॅमचा. बूस्टर गुदमरणे हा दूरदर्शन संचाच्या बाजूचा दोष. पण १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ पाहायला जमलेल्या घराला हा भेद कोण समजावणार? त्या वेळी संच बंद ठेवणे हेच शहाणपण.

८/ मग हा खटाटोप कशासाठी? ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरले, २६ जानेवारी २००१ ला भुज. दूरध्वनी कोलमडले तेव्हा हॅम मंडळींनी निरोप पोहोचवले. एरवी व्यत्यय वाटणारी अँटेना त्या दिवसांत आधार झाली.

९/ आज छपरांवर डिश आहेत; त्यांच्या लहरी हॅमच्या या पट्ट्यांपासून फार दूर. जुना तंटा जवळपास मिटला. आता उलटेच घडते : स्वस्त एलईडी दिवे आणि चार्जर यांच्या खरखरीत हॅमलाच दूरचा आवाज ऐकू येत नाही. आकाश सर्वांचे आहे, आणि ते वाटून घेण्याचा प्रश्न अजून संपलेला नाही.