बंदिवासातील ओवी : ख्रिस्तपुराण, श्रीरंगपट्टण आणि मनःस्वास्थ्याचा प्रश्न

थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाचा विचार मराठी वाङ्मयेतिहासात प्रायः दोन अंगांनी होत आला आहे. मराठीच्या गोडवीने भारलेला परदेशी कवी हे एक अंग, आणि धर्मप्रसारासाठी देशी पुराणशैलीचा केलेला अंगीकार हे दुसरे. पहिल्यात कौतुकाचा, तर दुसऱ्यात संशयाचा भाग अधिक. दोन्हींत केंद्रस्थानी राहतो तो ग्रंथकर्ता. हे पुराण ज्यांनी दीडदोनशे वर्षे गाइले आणि ऐकले, त्यांच्या मनासाठी त्या लयबद्ध उच्चाराने काय केले, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. त्याचा माग काढायचा तर गोव्याच्या किनाऱ्यावरून कर्नाटकच्या पठारावर यावे लागते. म्हैसूरच्या आग्नेयेस वरुणा आणि उत्तरेस कावेरीच्या दोन फाट्यांमध्ये वसलेले श्रीरंगपट्टण, हा तो मुलूख. मराठी वाङ्मयाच्या नकाशात तो सहसा दाखवला जात नाही.

स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे बहुतेक आयुष्य साष्टीत गेले. ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. आदिपुराण आणि देवपुराण अशा दोन भागांत मिळून जवळजवळ ११ हजार ओव्या आहेत. या रचनेमागची प्रेरणा ग्रंथातच सांगितली आहे. धर्मशिक्षणासाठी जमलेल्या नवख्रिस्ती मंडळींपैकी एक जण पाद्रीगुरूंकडे मागणी करतो : पूर्वीची पुराणे आम्हांला वर्ज्य झाली, तर त्यांच्या जागी ऐकण्यासाठी काही द्यावे. अभ्यासकांनी या प्रसंगाकडे बहुधा ग्रंथारंभीची एक रूढ युक्ती म्हणून पाहिले आहे. तो युक्ती असेलही. पण त्यात एक खरे दुःख बोलते. धर्मांतरितांनी देवळे गमावली होती, तसाच संध्याकाळचा पोथीचा सूरही गमावला होता. श्रद्धेचे नवे सूत्र त्यांना प्रश्नोत्तरांतून शिकविले जात होते. पण प्रश्नोत्तरे पाठ करता येतात, त्यांत बुडून जाता येत नाही. त्यांची मागणी सिद्धांताची नव्हती, श्रवणाची होती.

स्टीफन्स यांनी त्यासाठी ओवी निवडली. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड, आणि त्या आखूडपणामुळे आपोआप मिळणारा विसावा, ही ओवीची ठेवण जात्यावरच्या बायकांना आणि पोथी सांगणाऱ्या पुराणिकांना सारखीच सोयीची होती. ओवी गाणे आणि वाचणे यांच्या सीमेवर राहते. तिला वाद्य लागत नाही, कसलेला गळा लागत नाही, ताल धरायला हातही मोकळे असावे लागत नाहीत. श्वास पुरतो. ओवीच्या या गुणाचे महत्त्व पुढच्या इतिहासात कळून येते.

लय आणि मन यांच्या संबंधाचा विचार ख्रिस्ती परंपरेला नवा नव्हता. शौल राजाला ग्रासणारी उद्विग्नता दावीदाच्या वीणेने निवळत असे, हे १ शमुवेलाच्या सोळाव्या अध्यायातील आख्यान तिच्या मुळाशी आहे. चौथ्या शतकात अथनेशियसने मार्सेलिनसला लिहिलेल्या पत्रात स्तोत्रे गाऊनच का म्हणावीत याचे कारण दिले आहे. त्याच्या मते स्वरांचा मेळ हा गाणाऱ्याच्या अंतःकरणातील विस्कळित वृत्तींच्या मेळाचे चिन्ह असतो आणि साधनही. त्याच शतकातील इव्हॅग्रियस या वनवासी साधूने प्रक्षोभ शांत करण्याचा उपाय म्हणून स्तोत्रगायन सांगितले. ऑगस्टीनला मात्र सुरांच्या सुखाची धास्ती वाटे. अर्थापेक्षा सूरच आपल्याला ओढून नेतो की काय, अशी कबुली त्याने दिली आहे. स्टीफन्स ज्या येशूसंघाचे होते, त्याच्या संस्थापकाने, म्हणजे इग्नेशियस लोयोलाने, आपल्या साधनाग्रंथात प्रार्थनेची तिसरी पद्धती लयीवर बांधली आहे : एका श्वासाबरोबर प्रभूच्या प्रार्थनेतील एक शब्द, आणि दुसरा श्वास येईपर्यंत त्या शब्दावर मन ठेवणे. ही पद्धती स्टीफन्स यांनी ओवीत उतरवली, असे म्हणण्याचे कारण नाही. ओवी त्यांना लोकांनी दिली. परंतु श्वासाच्या लयीने चित्त स्थिर करण्याची सवय असलेल्या साधकाला हा छंद परका वाटला नसणार, एवढे म्हणता येते.

गोव्यातून कारवार-मंगळूरकडे झालेल्या ख्रिस्ती स्थलांतराची कारणे अनेक : इन्क्विझिशनचा जाच, करांचे ओझे, दुष्काळ, मराठ्यांच्या स्वाऱ्या. १६८४ मध्ये पोर्तुगीज विजरईने देशी भाषा तीन वर्षांत सोडण्याचा हुकूम काढला आणि गोव्यात या पुराणाचे बळ ओसरत गेले. कानडा किनाऱ्यावर मात्र हस्तलिखित पोथ्या टिकल्या. तेथील ख्रिस्ती घरांत बोलणे कोंकणीत आणि पुराण मराठीत, अशी वाटणी होती. ही दुरी अडचणीची ठरली नाही. उलट, रोजच्या भाषेपासून किंचित दूर असलेली ही भाषा प्रार्थनेची भाषा झाली.

१७८४ च्या आरंभी, दुसरे इंग्रज-म्हैसूर युद्ध संपत असताना, टिपू सुलतानाने इंग्रजांना साहाय्य केल्याच्या संशयावरून कानड्यातील ख्रिस्ती समाजाला धरून श्रीरंगपट्टणला नेले. परंपरा ही घटना राखेच्या बुधवारी घडल्याचे सांगते. बंदिवानांची संख्या ३० हजारांपासून ८० हजारांपर्यंत वेगवेगळी दिली जाते. टिपूविषयीची बरीच साधने त्याच्या शत्रूंनी लिहिलेली आहेत आणि आकडे वाचताना ते ध्यानात ठेवणे इष्ट. परंतु घाट चढताना आणि नंतर छावण्यांत हजारो माणसे दगावली, याविषयी दुमत नाही. चर्च पाडली गेली, पाद्री हद्दपार झाले, अनेकांचे सक्तीने धर्मांतर झाले. हा बंदिवास ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडेपर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे, चालला.

या समाजाची आठवण सांगते की त्या वर्षांत बंदिवानांना आधार होता तो पुराणाचा. ते जमून ओव्या म्हणत. ही आठवण मौखिक आहे आणि तिच्यात उत्तरकालीन भाविकतेची भर पडलेली असणे शक्य आहे. तरीही ती असंभाव्य ठरत नाही, कारण परिस्थितीच तिची साक्ष देते. पाद्री नाही तेथे मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, अंत्यसंस्काराचे तैल नाही. कॅथलिक जीवनाचा जो भाग पुरोहितावाचून चालू शकतो तो फारच थोडा, आणि त्यातही उघड्यावर करता येण्याजोगा त्याहून थोडा. ज्याला वेदी लागत नाही, पुस्तक हाती नसले तरी जे म्हणता येते आणि दळणाच्या घरघरीत मिसळून जाते, असे या लोकांपाशी काय होते? एक जपमाळेची प्रार्थना आणि दुसरी ओवी. जपमाळ तेच शब्द फिरवून मनाला थारा देते. ओवी त्याबरोबर कथाही पुढे नेते. उद्या पुढचा प्रसंग आहे, ही अपेक्षा ती मागे ठेवते. ज्याच्या दिवसांना पुढे काही उरलेले नाही अशा माणसाला ही लहानशी अपेक्षा किती मोलाची वाटत असेल, हे वेगळे सांगायला नको.

त्यातून आदिपुराणाचा विषय पाहावा. मिसर देशातील दास्य, मोशेचे नेतृत्व, बाबेलचा बंदिवास ही आख्याने त्यात आहेत. साष्टीच्या श्रोत्यांना ती दूरच्या इस्राएलाची कथा वाटली असेल. कावेरीकाठी तीच कथा आपली झाली. अमेरिकेतील आफ्रिकी गुलामांच्या भक्तिगीतांशी येथे तुलना सुचते, कारण त्यांतही मोशे आणि फारो शेतमळ्यावर येऊन उभे राहतात. फरक असा की ती गीते गुलामगिरीतच जन्मली, तर ख्रिस्तपुराण एका विद्वान मिशनऱ्याने सत्तेच्या छायेत रचलेले. धर्मांतरितांचे मन वळवण्यासाठी लिहिलेला ग्रंथ पुढे बंदिवानांचे मन सावरण्यास उपयोगी पडावा, हा उलटफेर तौलनिक अभ्यासात अधिक विचारात घ्यायला हवा. ग्रंथाचा हेतू आणि ग्रंथाचे कार्य या दोन गोष्टी आपण फार सहज एक धरतो.

आबे द्युबुआ हा फ्रेंच पाद्री १७९९ नंतर श्रीरंगपट्टण परिसरातील विस्कटलेल्या ख्रिस्ती समाजाची घडी बसवण्यासाठी आला. १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पत्रांत या बंदिवानांविषयी तीव्र नाराजी आहे. इतक्या हजारोंपैकी एकानेही उघडपणे श्रद्धा जाहीर करून प्राण दिला नाही, ही त्याला लाज वाटते. द्युबुआ हुतात्मे शोधत होता. पण त्याच्याच वृत्तान्तातील दुसरी बाजू त्याच्या रोषाखाली झाकली जाते : बंधन सुटताच हे लोक मोठ्या संख्येने परत चर्चकडे आले. बाहेरून सर्व खुणा पुसल्या गेल्यावर पंधरा वर्षे आत काहीतरी अखंड राहिल्याशिवाय हे घडत नाही. त्याचे सारे श्रेय ओवीला देणे अतिशयोक्ती होईल. नातेसंबंध, जातीय एकोपा आणि घरची स्त्रियांची शिस्त यांचाही त्यात वाटा आहे. मात्र निर्भयता आणि मनाची धारणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लयबद्ध पाठाचे काम दुसऱ्या गोष्टीशी आहे, हा भेद द्युबुआला दिसला नाही.

परतलेल्यांपैकी बहुतेक मंगळूरकडे गेले. काही म्हैसूर आणि कोडगूच्या मुलखात राहिले. एकोणिसाव्या शतकात युरोपीय धाटणीची स्तोत्रे आणि शाळा आल्या, तसतसे पुराणगायन मागे पडत गेले. १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला, तो कानड्यातील घरांत जपून ठेवलेल्या हस्तलिखितांवरून. सतराव्या शतकातील छापील प्रत त्यांच्या हाती नव्हती. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये पुण्यात निघाली, तेव्हा मराठी वाचकाला हा ग्रंथ सहजी आपल्या लिपीत वाचता येऊ लागला. बंदिवानांच्या नातवंडा-पतवंडांनी उतरून ठेवलेल्या त्या वह्यांत ओव्यांचे चरण अनेकदा न तोडता सलग लिहिलेले आढळतात. गाणाऱ्याला थांबायचे कोठे हे ठाऊक होते, त्यामुळे लिहिणाऱ्याला ते दाखवण्याची गरज पडली नव्हती.