प्रोपेलर शाफ्टची दुरुस्ती

प्रोपेलर शाफ्ट हा गिअरबॉक्समधून निघालेली फिरकशक्ती मागील आसावरील डिफरन्शिअलपर्यंत पोहोचवणारा पोकळ पोलादी दंड होय. पुढे इंजिन आणि मागील चाकांना चालना अशी रचना असलेल्या पिकअप, जीप व मालवाहू वाहनांत तो वाहनाच्या पोटाखाली जवळजवळ उघडा असतो. त्यामुळे खडकाळ वाट, नदीपात्र किंवा पाणंद रस्ता यांवर त्याला इजा होण्याचा संभव मोठा असतो. या दुरुस्तीचा काही भाग घरच्या अंगणात साध्या हत्यारांनी करता येतो. काही भाग मात्र लेथ आणि तोलयंत्र असलेल्या कार्यशाळेतच करावा लागतो. ही सीमारेषा न ओळखल्यास दुरुस्त केलेला शाफ्ट धावत्या वाहनाखाली तुटण्याचा धोका असतो.

रचना आणि कार्य

शाफ्टच्या दोन्ही टोकांना सार्वत्रिक सांधे असतात. गॅरेजच्या भाषेत त्यांना ‘क्रॉस’ किंवा ‘यूजे क्रॉस’ म्हणतात. क्रॉस हा अधिक चिन्हाच्या आकाराचा, चार भुजांचा घडीव तुकडा असतो. प्रत्येक भुजेवर एक कप बसतो आणि कपाच्या आत सुईसारखे बारीक रोलर असतात. हे कप योकच्या कानांमधील छिद्रांत बसवून सर्कलिपने अडकवलेले असतात. खड्ड्यातून जाताना मागील आस वरखाली होतो व शाफ्टची आवश्यक लांबी बदलते, म्हणून एका ठिकाणी खाचांचा सरकता जोड ठेवलेला असतो. लांब वाहनांत शाफ्ट दोन तुकड्यांचा असून मध्यभागी रबरात बसवलेले सेंटर बेअरिंग त्याला आधार देते.

या सांध्याचा एक गुणधर्म दुरुस्ती करणाऱ्याला ठाऊक असलाच पाहिजे. सांधा कोनात असताना एका बाजूने एकसमान गती दिली, तरी दुसऱ्या बाजूची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढते व दोनदा घटते. कोन ३० अंशांचा आणि येणारी गती मिनिटाला १,००० फेरे असेल, तर बाहेर पडणारी गती सुमारे ८६६ ते १,१५५ फेऱ्यांमध्ये हेलकावे घेते. एकाच शाफ्टच्या दोन टोकांचे योक एका पातळीत असतील आणि दोन्ही सांध्यांचे कोन सारखे असतील, तर एका सांध्याचा हेलकावा दुसरा सांधा नाहीसा करतो. सरकता जोड वेगळा करून एक-दोन खाचा चुकवून पुन्हा बसवला, तर सर्व भाग नवे असूनही गाडी थरथरते. खोलण्यापूर्वी रंगाने वा पंचाने खुणा करणे ही कामाची पहिली पायरी मानली जाते, ती याच कारणाने. पाच मिनिटांच्या या कामाचा कंटाळा पुढे फार महाग पडतो.

इतिहास

या सांध्याला युरोपातील अनेक भाषांत १६व्या शतकातील इटालियन विद्वान जेरोलामो कार्डानो यांच्या नावावरून ‘कार्डन’ म्हणतात. १७व्या शतकात इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी त्याचा अभ्यास केला. आरंभीच्या अनेक मोटारींत चाकांना साखळीने चालना दिली जाई. अमेरिकेतील क्लॅरेन्स स्पायसर यांना १९०३ मध्ये मोटारीसाठीच्या सांध्याचे पेटंट मिळाले. त्यानंतरच्या काळात साखळी मागे पडून शाफ्टची पद्धत रूढ होत गेली.

आडवाटेवर होणारी हानी

सर्वांत सामान्य इजा म्हणजे खडकावर आपटून नळीला पडलेला पोचा. शाफ्टची गती पाहिली म्हणजे या पोच्याचे गांभीर्य कळते. चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर आणि मागील आसाचे गुणोत्तर ४ असेल, तर ताशी ८० किलोमीटर वेगाला शाफ्ट मिनिटाला सुमारे २,५०० फेरे घेतो. इतक्या गतीत किंचितसा बाकही नळीला बाहेर फेकू पाहतो.

दुसरी इजा क्रॉसची. चिखलात गरगर फिरणारे चाक एकाएकी दगडावर पकड घेते, तेव्हा बसणाऱ्या हिसक्याने क्रॉसची भुजा तुटू शकते. पाण्यातून वारंवार गेल्यास ग्रीस धुऊन जाते आणि रोलर गंजतात. कपाभोवती दिसणारी तांबूस भुकटी, गिअर टाकताच येणारा ‘टक्’ असा आवाज व संथ गतीतील चिवचिव ही त्याची लक्षणे होत. वेगाबरोबर वाढणारी थरथर मात्र बहुधा तोल गेल्याची किंवा नळी वाकल्याची खूण असते.

गिअरबॉक्सकडचा सांधा तुटणे हा सर्वांत भयंकर प्रकार होय. शाफ्टचे पुढचे टोक जमिनीत रुतते आणि गाडीचा मागचा भाग उचलला जाऊ शकतो. काही वाहनांत शाफ्टखाली पोलादी कडे बसवलेले असते, ते यासाठीच.

घरी करता येणारे काम

शाफ्ट काढला की इंजिन व चाके यांचा संबंध तुटतो. गाडी गिअरमध्ये ठेवून अडवण्याची सवय येथे कामाची नाही. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप व जुनी लँड रोव्हर डिफेंडर यांसारख्या वाहनांत तर हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवरच काम करतो. मागचा शाफ्ट सुटताच तोही निरुपयोगी होतो. त्यामुळे सपाट जमीन, चाकांपुढे व मागे लाकडी ठोकळे आणि चासीखाली भक्कम स्टँड यांना पर्याय नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये.

प्रथम डिफरन्शिअलकडचे फ्लँज सोडवतात. सरकता योक थेट गिअरबॉक्समध्ये शिरत असेल, तर तो काढताच तेल गळते. भांडे व बूच हाताशी ठेवावे लागते. सर्कलिप काढल्यावर कप व्हाइसमध्ये दाबून बाहेर काढतात. एका बाजूला कपापेक्षा लहान सॉकेट ढकलण्यासाठी व दुसऱ्या बाजूला मोठे सॉकेट कप झेलण्यासाठी ठेवतात. हातोड्याचे घाव घालून कप काढण्याची पद्धत सर्रास दिसते. पण त्यात योकचे कान वाकले, तर नवा क्रॉसही लवकर संपतो.

नवा क्रॉस बसवताना एखादा रोलर कपाच्या तळाशी आडवा पडतो. तसे झाल्यास सर्कलिप खाचेत बसत नाही. अशा वेळी जोर न लावता कप पुन्हा काढावा. ग्रीस निपल ग्रीस गन पोहोचेल अशा बाजूला ठेवतात आणि चारही कपांतून ग्रीस डोकावेपर्यंत ते भरतात. सांधा हाताने सर्व दिशांना मोकळा फिरला पाहिजे. फ्लँजचे बोल्ट उच्च ताकदीचे असतात. त्यांच्या जागी बाजारातले साधे बोल्ट वापरू नयेत.

कार्यशाळेचे काम

पोचा ठोकून सरळ करणे किंवा तडा गेलेल्या नळीवर घरी वेल्डिंग करणे हे काम टाळलेच पाहिजे. वेल्डिंगच्या उष्णतेने नळी ओढली जाते आणि तोल बिघडतो. कार्यशाळेत जुनी नळी कापून नवी बसवतात, लेथवर सरळपणा तपासतात आणि तोलयंत्रावर फिरवून हलक्या बाजूला लहान पत्र्याचे वजन जोडतात. होज क्लिप गुंडाळून, तिचा स्क्रू थोडा थोडा फिरवत तोल साधण्याची जुनी युक्तीही प्रचलित आहे. कार्यशाळेपर्यंत पोहोचण्यापलीकडे तिचा भरवसा धरता येत नाही.

शाफ्ट वाकला आहे की नाही, एवढे मात्र घरी पाहता येते. इंजिन बंद ठेवून, पुढची चाके अडवून, मागची चाके उचलून व गिअर मोकळा करून शाफ्ट हाताने फिरवतात. नळीजवळ स्थिर धरलेल्या तारेच्या टोकापासून तिचे अंतर कमी-जास्त होत असल्यास बाक आहे असे समजतात.

रानातील तात्पुरता उपाय

चारही चाकांना चालना देता येणाऱ्या पिकअपचा मागील शाफ्ट निकामी झाला, तर तो काढून, चारचाकी चालना लावून केवळ पुढील चाकांच्या बळावर वाहन हळूहळू बाहेर आणता येते. कायमस्वरूपी चारचाकी चालना असलेल्या गाडीत त्यासाठी मधले डिफरन्शिअल लॉक करावे लागते. शाफ्ट काढल्यावर ट्रान्सफर केसमधून तेल गळणार असेल, तर हा उपाय वापरता येत नाही. दोनच चाकांना चालना असलेल्या मालवाहू पिकअपला मात्र ओढून नेण्यावाचून गत्यंतर नसते.

दुरुस्तीनंतर

नवा क्रॉस काही दिवसांतच पुन्हा खराब झाला, तर कारण शाफ्टच्या बाहेर शोधावे. कमानपाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून आस सरकलेला असणे, यू-बोल्ट ढिले असणे किंवा गाडी उंच करण्यासाठी पाट्यांखाली ठोकळे घातलेले असणे, यांमुळे सांध्याचा कोन बदलतो. फ्लँजचे बोल्ट पहिल्या काही किलोमीटरांनंतर पुन्हा तपासतात. खोल पाण्यातून गाडी गेल्यास त्याच दिवशी निपलमधून नवे ग्रीस भरून आत शिरलेले पाणी बाहेर काढतात.