आधी पाणी विचारा

या मालिकेत आपण बहुतेक वेळा मोठ्या घटनांवर बोलतो. आज विषय अगदी लहान आहे: तांब्याभर पाणी. अनोळखी माणसाला दिलेलं, किंवा न दिलेलं.

मराठीत ‘पाणी विचारणं’ असा वाक्प्रचार आहे. ‘गेलो होतो त्यांच्याकडे, पण साधं पाणीसुद्धा विचारलं नाही,’ असं आपण तक्रारीच्या सुरात म्हणतो. म्हणजे दारात आलेल्या माणसाला पहिला प्रश्न पाण्याचा, नाव-गाव-काम नंतर. गावाकडे अजूनही आधी गूळपाणी पुढे येतं आणि मग विचारपूस होते. या रीतीचंच सार्वजनिक रूप म्हणजे पाणपोई. चैत्र-वैशाखात रस्त्याच्या कडेला मांडव घालायचा, ओल्या वाळूत रांजण ठेवायचे, त्यांना ओलं फडकं गुंडाळायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचं. अहिल्याबाई होळकरांनी (कारभार १७६७ ते १७९५) तीर्थांच्या वाटांवर विहिरी, घाट आणि धर्मशाळा बांधल्या, त्यांच्यामागेही हीच समजूत आहे. मुंबईत दगडी प्याव उभे राहिले. त्यांतल्या कित्येक ठिकाणी खाली जनावरांसाठी वेगळी कुंडी केलेली दिसते. तहानलेल्याला पाणी पाजणं हे पुण्याचं काम, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागलं नाही.

इथपर्यंत ऐकायला बरं वाटतं. पण इतिहास म्हटलं की पुढचा प्रश्न विचारावाच लागतो. पाणपोईवर आलेला प्रत्येक माणूस आपल्या हिशेबात ‘वाटसरू’ होता का?

एक प्रसंग बघूया. तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलाय, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत. साल १९०१. भीमराव तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीला. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून तिथे सरकारी तलावाचं काम निघालं होतं. सुट्टीत भीमराव, त्यांचे थोरले भाऊ आणि भाचे साताऱ्याहून रेल्वेनं मसूर स्टेशनवर उतरले. आम्ही येतोय, असं कळवणारं पत्र वडिलांच्या हातात पडलंच नव्हतं. त्यामुळे न्यायला कुणी नाही. संध्याकाळची वेळ, चांगल्या कपड्यांतली ही मुलं फलाटावर उभी.

स्टेशनमास्तर स्वतः जवळ आले, चौकशी केली. म्हणजे पहिलं पाऊल चांगुलपणाचंच होतं. मग त्यांनी विचारलं, तुम्ही कोण? मुलानं सरळ सांगितलं, महार. स्टेशनमास्तरांचा चेहरा बदलला आणि ते आपल्या खोलीत निघून गेले. काही वेळानं परत आले, गाड्यांची खटपटही त्यांनी केली. पण गाडीवाले तयार होईनात. शेवटी एक जण तयार झाला, तो दुप्पट भाड्यावर. वर अट अशी, की गाडी मुलांनी हाकायची, तो बाजूनं चालणार.

पोरांजवळ शिदोरी होती, पाणी नव्हतं. रात्री टोलनाक्याजवळ पोहोचले. इथे एक बारकावा लक्षात घ्या. शेजारी बसायला तयार नसलेल्या त्याच गाडीवाल्यानं मुलांना युक्ती सांगितली, की मुसलमान आहोत म्हणा, तर पाणी मिळेल कदाचित. मुलगा उर्दूत बोलला. तरी नाकेदारानं झिडकारलंच. पाणी डोंगरावर आहे, हवं तर तिथून आणा, असं त्याचं म्हणणं. डबे भरलेले असून मुलं उपाशी झोपली, कारण घशाखाली घास उतरायला पाणी लागतं.

या गोष्टीत राक्षस कुणीच नाही. स्टेशनमास्तर, गाडीवाला, दोघांनीही थोडंथोडं केलंच. अडलं ते एका प्रश्नापाशी: तू कोण? ‘पाणी हवं का?’ या प्रश्नाच्या आधी तो आला, आणि रीत म्हणून चालत आलेला चांगुलपणा तिथेच थांबला.

हा प्रश्न बाजूला सारणारी माणसंही याच काळात होती. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यात गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. काम केवढं? स्वतःच्या घरचा एक हौद. ना सभा, ना कायदा. पण घोटभर पाण्यासाठी हिंडणाऱ्या बाईच्या बाजूनं बघा, म्हणजे त्या कामाचं खरं माप कळेल. आणि सावित्रीबाई. १८९७ च्या प्लेगमध्ये लोक घरं सोडून पळत होते. मुंढव्याच्या एका प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी पाठीवर घेतलं आणि मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात पोहोचवलं. त्यातच त्यांना प्लेगनं गाठलं, आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्यानंतर चारच वर्षांनी मसूरच्या वाटेवर वरून पाणी ओतायलाही कुणी तयार नव्हतं.

मग प्रश्न येतो, की हे असं एकेका माणसाच्या मनावर किती दिवस सोडायचं? ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी खर्चातल्या विहिरी, पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. धर्मशाळा हा शब्द मुद्दाम ऐका, तो वाटसरूचाच शब्द आहे. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये आपलं चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. कागदावर. मार्च १९२७ मध्ये महाडला परिषद भरली, तेव्हा आलेल्या लोकांसाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. २० मार्चला बाबासाहेब आणि हजारो लोक तळ्यावर गेले, ओंजळीनं पाणी प्यायले. नंतर दंगल झाली, प्रतिनिधींना मारहाण झाली. त्या वेळी गावातल्या काही मुसलमान कुटुंबांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं. तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, खटला चालला, आणि हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. पुढे संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, घाट, रस्ते असे शब्द आले. एवढ्या मोठ्या ग्रंथात विहीर कशाला, असं वाटतं ना? मसूरची वाट आठवली की वाटत नाही.

काही जण म्हणतात, कायदा झाला, आता एकेकट्याच्या दयेची गरज काय? मला दोन्ही लागतात असं वाटतं. कायदा नाकेदाराला ‘नाही’ म्हणू देत नाही. पण त्या रात्री पोरांना घोटभर पाणी मिळायला हवं होतं, ते नाक्यावर तेव्हा हजर असलेल्या माणसाच्याच हातून मिळणार होतं. आणि ठराव असून महाडला चाळीस रुपये मोजावे लागले, हेही विसरू नका.

आज आपण उन्हाळ्यात दाराशी माठ ठेवतो, बिल्डिंगच्या गेटवर सामान घेऊन आलेल्या मुलाला पाणी देतो. चांगलंच आहे. पण त्याचा पेला वेगळा ठेवलाय का? गेटवर त्याला आपण आधी काय विचारतो? इतिहासाचा उपयोग एवढाच, की असल्या साध्या गोष्टीत आपण कुठे अडतो ते दिसावं. आपल्या आजीपणजीची रीत अर्ध्यापर्यंत बरोबरच होती. पाणी आधी, विचारपूस मागाहून. फक्त ती दारात आलेल्या प्रत्येकाला लागू करायची राहिली होती.

इथे थांबतो. तुमच्या गावच्या पाणपोईच्या, विहिरीच्या आठवणी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा. कोण पाणी भरायचं आणि कुणाला लांब उभं राहावं लागायचं, दोन्ही विचारा.